आधार न दाखवता वय १८+ सिद्ध करताना

ब्लॉकचेनवरच्या ॲपमध्ये वापरकर्त्याचं वय तपासायचं असेल, तर आधार क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून गणिताने काढलेला ठसा) ब्लॉकचेनवर टाकू नका. १२ अंकांचे सगळे पर्याय ग्राफिक्स कार्ड सहज तपासतं आणि मूळ क्रमांक सापडतो. त्यापेक्षा ‘अनॉन आधार’ हे आधार न उघडता पुरावा बनवणारं साधन बरं. आधारच्या क्यूआरवर यूआयडीएआयची (आधार देणारी संस्था) २०४८ बिटांची आरएसए डिजिटल सही असते, तिच्यावरूनच पुरावा तयार होतो. तो ब्राउझरमध्येच बनतो, काँट्रॅक्टकडे (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) आधार क्रमांक जातच नाही.

काँट्रॅक्टमध्ये ‘१८ वर्षांवरील’ हे आउटपुट १ आहे, नलिफायर (तीच व्यक्ती पुन्हा आली तर ओळखणारा, नाव न सांगणारा आकडा) ज्यातून बनतो ते सीड आपल्याच ॲपचं आहे आणि टाइमस्टॅम्प ताजा आहे, हे तपासा. सिग्नलला (पुराव्यासोबत बांधलेला संदेश) पाठवणाऱ्याचा पत्ता बांधा, नाहीतर मेमपूलमधून (व्यवहार नोंदले जाण्याआधीची उघडी रांग) दुसराच कुणी पुरावा उचलून वापरेल.

हमखास होणारी चूक म्हणजे चाचणीची पब्लिक की (सही तपासायची किल्ली) मेननेटवर, म्हणजे खऱ्या नेटवर्कवर, तशीच राहणं. मग बनावट आधारही पास! शिवाय नलिफायर फोटोवरून निघतो. फोटो बदलला की तीच व्यक्ती नवी भासते. मतदानासाठी वापरत असाल तर जपून.