इस्त्रीचं काम हाती घेताय? आधी ओल सांभाळा

लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, रामबाग अशा इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांत प्रेसचे कपडे बाहेर देणारी घरं भरपूर आहेत. घरातूनच हे काम सुरू करायचं तर गिऱ्हाईक मिळतं; टिकतं ते हाताच्या सफाईवर. नवशिके सगळे इस्त्रीवर जोर लावतात. सुती कपड्याची सुरकुती जोराने जात नाही. पाण्याने धागा सैल होतो आणि उष्णतेने ते पाणी उडताना तो सपाट बसतो. खडखडीत वाळलेल्या कपड्यावर कितीही रेटा, चुणी राहतेच.

कपडे घेताना मोजून वहीत लिहा आणि उजेडात उलगडून बघा. तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, डाग, जे दिसेल ते गिऱ्हाइकासमोरच दाखवा. डाग असलेला कपडा परत धुवायला द्यायला सांगा, कारण इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो.

मग सुती कपड्यांवर पाणी शिंपडा, गुंडाळ्या करा आणि ओलसर कापडात अर्धा तास झाकून ठेवा. सगळीकडे सारखी ओल मुरते. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की उघडं ठेवलेलं कापड टेबलावर येईपर्यंत वाळतं, म्हणून एका वेळी थोडेच कपडे शिंपडा. वाफेच्या इस्त्रीत बोअरिंगचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आत साचतात आणि पांढरे ओघळ कपड्यावर उतरतात.

तापमान कमीकडून जास्तीकडे न्यायचं. इस्त्री तापते पटकन, निवते सावकाश. आधी पॉलिएस्टर आणि रेशीम, शेवटी सुती आणि लिनन. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. कोळशाच्या इस्त्रीला बटण नसतं, तेव्हा जुन्या सुती फडक्यावर आधी फिरवून बघा. फडकं पिवळं पडलं तर थांबा. कोळसा बंद खोलीत कधीच पेटवू नका. त्याचा विषारी वायू वासाने कळत नाही.

शर्टात कॉलर आधी, तीही उलट्या बाजूने, टोकांकडून मध्याकडे. उलट दिशेने गेलात तर टोकाशी चुणी गोळा होते आणि सगळ्यांना तीच दिसते. त्यानंतर खांदे, कफ, बाह्या, बटणपट्टी, पुढचे भाग आणि शेवटी पाठ. बटणांवरून इस्त्री नेऊ नका, टोकाने त्यांच्यामधून फिरवा. गडद रंगाची पँट उलटी करून किंवा वर ओलसर फडकं घालून दाबा. थेट घासली की चकाकी येते आणि ती सहजासहजी जात नाही.

महेश्वरी साडी आली की घाई सोडा. अहिल्याबाईंनी महेश्वरात रुजवलेलं हे विणकाम. नेहमीच्या प्रकारात ताणा म्हणजे उभे धागे रेशमी आणि बाणा म्हणजे आडवे धागे सुती. दोघांतला नाजूक रेशीम, म्हणून आच रेशमाचीच ठेवायची. तिच्यावर पाणी शिंपडायचं नाही, कारण थेंबांचे डाग राहतात. पातळ मलमलचं कापड पाण्यातून काढून घट्ट पिळा, साडीवर पसरा आणि वरून इस्त्री उचलून उचलून ठेवा. जरीचा काठ उलट बाजूने, कोरड्या कापडाखालून. आजची बरीच जर प्लॅस्टिकच्या धाग्यावरची असते. जास्त तापली तर ती आकसते आणि सगळा काठ चुणतो. सुरुवात नेहमी आत खोचल्या जाणाऱ्या टोकाकडून करा, म्हणजे आच चुकली तरी पदर वाचतो. जुन्या घडीवरच पुन्हा घडी घालू नका, जरीचा धागा तिथेच तुटतो.

इस्त्री झाल्यावर लगेच गठ्ठा बांधायचा मोह होतो. गरम, किंचित दमट कपडा घडीत गेला की ज्या ओलीने सुरकुती गेली तीच नवी पाडते. कपडे दोरीवर किंवा हँगरवर पूर्ण निवू द्या, मगच घड्या. पावसाळ्यात याला जास्त वेळ लागतो, तेव्हा कपडे दुसऱ्या दिवशी देऊ असं गिऱ्हाइकाला घेतानाच सांगून टाका.