ओहमचा नियम घरच्या टेबलावर कसा पडताळावा

धाराविद्युत शिकताना ओहमचा नियम बहुतेकांचा पाठ होतो: भौतिक स्थिती बदलली नाही, तर वाहकातली विद्युतधारा त्याच्या टोकांमधल्या विभवांतराच्या (व्होल्टमध्ये मोजतात ते) प्रमाणात वाढते. पण धारा मोजणारा अमीटर एकसर (धारेच्या वाटेतच) आणि विभवांतर मोजणारा व्होल्टमीटर समांतर (दोन टोकांना बाजूने) का, हे स्वतः परिपथ जोडल्याशिवाय पक्कं होत नाही. त्यासाठी एक तास पुरतो. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला मात्र हात लावायचा नाही. सगळं काम पेन्सिल सेलवर होतं.

सामान ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला मिळेल. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. १.५ व्होल्टचे ४ पेन्सिल सेल, एकेका सेलचे ४ होल्डर, २२० ओहमचे पाव वॉटचे ४-५ रेझिस्टर (धारेला ठरावीक अडथळा, म्हणजे रोध, देणारे), एक लाल एलईडी, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या ८ वायरी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर (डायल फिरवला की तोच अमीटर, तोच व्होल्टमीटर) घ्या. दोन मीटर जमले तर फारच छान.

१०० ओहमचा रेझिस्टर का नको? चार सेलचे ६ व्होल्ट त्याच्यावर पडले, तर ६० मिलिअँपिअर धारा जाते आणि ०.३६ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा रेझिस्टर बोट भाजेल इतका तापतो आणि त्याचा रोधही थोडा सरकतो, म्हणजे ‘भौतिक स्थिती कायम’ ही अटच मोडते. २२० ओहमला हाच आकडा ०.१६ वॉट येतो.

रेझिस्टरवरचे पट्टे वाचा: लाल, लाल, तपकिरी, सोनेरी. लाल म्हणजे २, दुसरा लाल २, तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. सोनेरी म्हणजे ५ टक्के कमी-जास्त, त्यामुळे २०९ ते २३१ मधलं काहीही चालतं. रेझिस्टर सुटा असतानाच मीटरने मोजून वहीत लिहा. परिपथात जोडलेला असताना मोजलात तर आकडा खोटा येईल.

आता जोडणी. सेलच्या धन टोकापासून मीटरची लाल पिन, काळ्या पिनेपासून रेझिस्टर, रेझिस्टरपासून सेलचं ऋण टोक. डायल डीसी अँपिअरच्या २०० मिलिच्या खुणेवर ठेवा. २० मिलिची रेंज मोहात पाडते, पण तीन सेलवरच धारा २० च्या वर जाते, शिवाय स्वस्त मीटरचा त्या रेंजवरचा स्वतःचा रोध साधारण १० ओहम असतो. धारा लिहून झाली की मीटर काढा, तुटलेली जागा वायरीने जोडा, लाल पिन व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा, डायल डीसी २० व्होल्टवर न्या आणि दोन्ही पिना रेझिस्टरच्या दोन टोकांना टेकवा. सेलच्या टोकांना नव्हे.

सर्वाधिक घोळ इथेच होतो. डायल मिलिअँपिअरवरच राहिला आणि पिना थेट सेलला लागल्या, तर अमीटरचा रोध जवळजवळ शून्य असल्याने शॉर्ट सर्किट होतं आणि मीटरमधला फ्यूज उडतो. त्यानंतर धारेच्या रेंजवर शून्यच दिसत राहतं. उलट व्होल्टमीटर एकसर लावला, तर त्याचा लाखो ओहमचा रोध धारा अडवतो. मीटर मात्र जवळजवळ सेलइतकेच व्होल्ट दाखवतो, त्यामुळे मुलांना वाटतं सगळं ठीक आहे.

एक, दोन, तीन, चार असे सेल एकसर वाढवत जा. साधारण ६.८, १३.६, २०.५, २७.३ मिलिअँपिअर यायला हवेत. नवा सेल १.५ पेक्षा थोडे जास्त व्होल्ट देतो, म्हणून गणितात छापील नाही, मोजलेलं विभवांतर घ्या. जुन्या सेलचे व्होल्ट धारा वाहताना उतरतात, तेव्हा वाचन झटपट घ्या आणि लगेच क्लिप काढा. खुद्द ओहमनेही याच त्रासापायी रासायनिक घट सोडून तांबे-बिस्मथचं तापयुग्म (दोन धातूंच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकावर वीज देणारी जोडी) वापरलं होतं. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये आलं.

आकडा नाचत असेल तर आधी होल्डरची स्प्रिंग बघा. मुंबईच्या पावसाळ्यात तिच्यावर हिरवट-पांढरा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने घासली की वाचन स्थिरावतं.

भागाकारात ३ ला १३.६ ने भागून ०.२२ आलं, तर ते किलोओहममध्ये आहे. ओहम हवे असतील तर १३.६ चे आधी ०.०१३६ अँपिअर करा. आलेख काढताना विभवांतर आडव्या अक्षावर, धारा उभ्या अक्षावर. रेषा आरंभबिंदूतून जायला हवी.

शेवटी त्याच रेझिस्टरला एकसर एलईडी जोडा, लांब पाय धन बाजूला. एका सेलवर तो पेटत नाही, कारण लाल एलईडीला स्वतःलाच २ व्होल्टच्या आसपास लागतात. दोन सेलवर पेटतो, चारवर साधारण १८ मिलिअँपिअर जातात. त्याच्या दोन टोकांमधलं विभवांतर दोन्ही वेळा मोजा. धारा साडेतीन पट झाली तरी ते जेमतेम हललेलं दिसेल. एलईडीला ओहमचा नियम लागू पडत नाही, आणि म्हणूनच रेझिस्टर वगळून तो कधी थेट चार सेलवर जोडायचा नसतो.