आरव्ही घेऊन लेक सुपीरियरच्या काठानं, मित्रमंडळींच्या दारापर्यंत

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन कुणाच्या घरी मुक्कामाला जायचं असेल, तर सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या आणि पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली असली पाहिजे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक सुपीरियरच्या उत्तर काठानं आम्ही तीन उन्हाळे फिरलोय. आता मी सगळा बेत या एका गोष्टीभोवती आखते.

रस्ता सोपा आहे. डुलूथ शहरातून हायवे ६१ धरायचा. उजव्या हाताला सरोवर, डाव्या हाताला डोंगर आणि जंगल, आणि साधारण १५० मैलांवर कॅनडाची हद्द. सरोवर म्हणायचं खरं, पण क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटर, पलीकडचा काठ दिसतच नाही. लाटा आहेत, गाज आहे, फक्त खारा वास नाही. कोकणात वाढलेल्या मला पहिल्या दिवशी काहीतरी चुकल्यासारखं होतं. जुलैतही पाणी इतकं गार असतं की घोट्याला कळ येते. मुलांना पोहायचं असेल तर आतल्या छोट्या तळ्यांवर न्या.

आता बेत. सरकारी उद्यानांमधल्या, आरव्ही उभी करून मुक्काम करायच्या जागांचं आरक्षण १२० दिवस आधी खुलं होतं आणि उन्हाळ्यातले शुक्रवार-शनिवार भराभर संपतात. त्यासाठी जीव आटवू नका. मित्रमंडळींना सुट्टी शनिवार-रविवारीच असते, तेव्हा ते दोन दिवस त्यांच्या दारात आणि सोमवार ते गुरुवार जंगलात. आमची एक मैत्रीण डुलूथला, दुसरी ग्रँड मरे गावाच्या वरच्या अंगाला राहते, त्यामुळे दोन शनिवार-रविवार आणि मधले चार-पाच दिवस असा नऊ दिवसांचा प्रवास छान जमतो. आरक्षण करताना जागेची लांबी आणि वीज आहे की नाही, हे दोन्ही नीट वाचा. जंगलातल्या कित्येक जागांना वीज नसते. उद्यानात गाडी नेण्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.

वीज नसली तरी अडत नाही. फ्रिज प्रोपेन गॅसवर चालतो, दिवे बॅटरीवर. जनरेटर गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल पितो आणि टाकी पाव भागावर आली की बहुतेक गाड्यांत तो आपोआप बंद पडतो, म्हणून मी काटा अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.

खरी अडचण पाण्याची. ते मिळत नाही म्हणून नव्हे, वापरलेलं पाणी कुठं जाणार म्हणून. आमची गाडी २५ फुटी. ग्रे टँक, म्हणजे बेसिन आणि अंघोळीचं पाणी साठतं ती टाकी, ३० गॅलनची, ११० लिटरच्या थोडी वर. चार माणसांत ती दोन दिवसांत भरते. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाची भांडी विसळत होते आणि मुलगी ओरडली, "आई, बाथरूममध्ये पाणी वर येतंय!" टाकी भरली की पाणी सगळ्यात खालच्या भोकातून, म्हणजे शॉवरमधून, वर येतं. त्यात चहापत्ती तरंगत होती. तशाच भरल्या टाक्यांनी आम्ही मैत्रिणीकडे पोचलो. ती बिचारी म्हणाली, "इथंच सोड की, आमचा सेप्टिक टँक आहे ना." मी नको म्हटलं. आरव्हीच्या टॉयलेटमधल्या काही रसायनांनी सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात, आणि असं पाणी सोडायला कित्येक ठिकाणी परवानगीही नसते. डंप स्टेशनवर, म्हणजे या टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी, जाऊन येण्यात शनिवारची अख्खी सकाळ गेली आणि तिनं केलेले गरम पोहे गार झाले. तेव्हापासून मित्रांकडे वळायच्या आधीचा शेवटचा थांबा डंप स्टेशनचाच.

टाक्या रिकाम्या करायचं काम पंधरा मिनिटांचं आहे, घाबरू नका. रबरी हातमोजे घाला, पाइप दोन्हीकडे घट्ट बसलाय ना ते हातानं ओढून बघा. आधी ब्लॅक टँक, म्हणजे टॉयलेटची टाकी, आणि ती पूर्ण रिकामी झाल्यावर ग्रे. म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप आपसूक धुतला जातो. पाइपमधून आधी घळघळ आवाज येतो, मग तो बारीक होत थांबतो; तो थांबेपर्यंत हलायचं नाही. शेवटी ब्लॅक टँकमध्ये थोडं पाणी आणि औषध टाका. सांडपाण्याची जोडणी असलेली जागा मिळाली तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवू नका. पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी बसून राहतो.

मैत्रिणीला आधीच ड्राइव्हवेचा फोटो मागा. वर तारा आणि फांद्या किती उंचीवर आहेत, उतार किती, आणि प्लग कुठं आहे, एवढं बघायचं. आपल्या गाडीची उंची डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. घरातला प्लग साधारण १५ अँपिअरचा, म्हणजे १८०० वॉट. त्यावर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ब्रेकर पडलाच म्हणून समजा, आणि त्याच लाइनवर तिचा गॅरेजमधला डीप फ्रीझर असतो. आम्ही तिच्याकडे फक्त बॅटरी चार्ज करतो. वायर जाड आणि आखूड हवी. चाकाखाली ठोकळे घालून गाडी समतल करा, कारण प्रोपेनवरच्या फ्रिजमधलं द्रव आतल्या नळ्यांच्या ठरलेल्या उतारावरूनच वाहतं. गाडी तिरकी असेल तर गारवा जातो. मी ओट्यावर पाण्याचा पेला ठेवून बघते.

फोडणी बाहेरच करायची. आत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म कोकलतो. जेवण झालं की भांडी, तेल, अगदी टूथपेस्टसुद्धा आत घ्या. इकडे काळी अस्वलं आहेत. जळणाची लाकडं घरून नेऊ नका, तिथंच विकत घ्या. अ‍ॅशची झाडं पोखरणारी एक हिरवी कीड लाकडातून पसरते, म्हणून तसा नियमच आहे.

एक दिवस मात्र कनूसाठी, म्हणजे वल्ह्यांच्या निमुळत्या होडीसाठी, राखाच. ग्रँड मरेहून गनफ्लिंट ट्रेल हा रस्ता ५७ मैल आत जातो. पेट्रोल आणि किराणा गावातच भरा, पुढं फोनला रेंजही नीट नसते. तिथून बाउंड्री वॉटर्सच्या राखीव जंगलात शिरता येतं. हजारावर तळी आहेत, पण आरव्ही आत नेता येत नाही आणि बहुतेक तळ्यांत मोटरबोटही नाही. दिवसभरासाठीचा परवाना आपला आपणच भरायचा असतो; रात्रीच्या मुक्कामाचा आधी आरक्षित करावा लागतो. खाण्यापिण्याचे पत्र्याचे सीलबंद डबे आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत, आणि एका गटात जास्तीत जास्त नऊ जण. गेल्या वर्षी आम्ही दोन घरं मिळून सात होतो. तळ्याच्या मध्यावर मैत्रिणीनं वल्ही वर घेतली, टोकावरून थेंब पडत होते तेवढाच आवाज. मग कुठूनतरी लून पक्षी ओरडला, लांब हेल काढून, आणि आमची बडबडी पोरं स्वतःहून गप्प झाली. परतल्यावर कनूतलं पाणी पूर्ण काढून टाका. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात जाता कामा नये.

निघताना मैत्रिणीच्या नवऱ्याला मागं उभं करते. वळताना आरव्हीचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि आरशात त्यांची पत्रपेटी दिसत नाही. "येऊ द्या वहिनी, येऊ द्या," तो म्हणत असतो. पण त्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची: वायर काढली, ठोकळे उचलले, छतावरची खिडकी बंद. पायरी आत गेली का, हे उतरून स्वतः बघायचं.