कोंबुचाचा छंद आणि घरचा हिशेब

आमच्याकडे किराणा, वीज, मुलीची फी वजा झाल्यावरच छंदाची, म्हणजे घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) करण्याची पाळी येते, आणि वही असते ह्यांच्या हातात. म्हणून आधी यादी दाखवायची, पार्सल नंतर मागवायचं. उलट केलं की भांडण ठरलेलं.

सुरुवातीला काचेची मोठी बरणी, घट्ट विणीचं सुती कापड आणि आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्या, बस्. बरणी नागपूरच्या इतवारी बाजारात भाव करून घ्या. स्कोबी (चहा आंबवणारी जिवाणू-यीस्टची चकती) मैत्रिणीकडून मागा, थोड्या जुन्या कोंबुचासकट. पट्ट्यांवर काटकसर नको. पीएच ४ च्या खाली गेलाच पाहिजे. बाटल्याही दाब सहन करणाऱ्या जाड काचेच्याच. साध्या पातळ बाटल्या आंबताना होणाऱ्या गॅसने फुटतात, मग फरशी पुसण्यावरून वेगळा हिशेब.

गरम ठेवणारा विजेचा पट्टा? नागपुरात कशाला हवा! मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा बरणीला सुट्टीच द्या. कूलरच्या बिलाच्या महिन्यात नव्या खरेदीचा विषयही काढू नका. थंडीत आंबिया बहाराची संत्री येतात, तेव्हा बाटलीत भरताना त्यांचा रस घाला. विकतच्या बाटल्यांचे वाचलेले पैसे डब्यात टाका. पुढचं सामान त्याच डब्यातून.