ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: आवळायचे कसे आणि सैल सोडायचे कसे

शिंक आली की पाय आवळून उभं राहावं लागतं. कुठेही गेलं की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघावं लागतं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर पँट ओली होईल या धास्तीने घराबाहेर पडणं बंद होतं. अशा तक्रारी घेऊन लोक वर्षानुवर्षं गप्प बसतात. "दोन बाळंतपणं झाली, आता चालायचंच," असं बायका म्हणतात आणि पुरुष तर तेवढंही बोलत नाहीत. यातल्या बऱ्याच तक्रारी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाने कमी होतात, काही पूर्ण थांबतात, म्हणून हे गप्प बसणं मला फार लागतं.

हे स्नायू पुढे ओटीपोटाच्या खालच्या टोकाला लागणाऱ्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेले असतात. मूत्राशय, मोठ्या आतड्याचं टोक आणि स्त्रियांमध्ये गर्भाशय यांना ते खालून आधार देतात. लघवी, शौच आणि वायू रोखणं किंवा सोडणं त्यांच्यावर अवलंबून असतं, आणि लैंगिक सुखातही त्यांचा वाटा असतो. ते पुरुषांनाही असतात, हे अनेक पुरुषांना ऑपरेशन होईपर्यंत माहीतच नसतं.

आधी तीन दिवस नोंद ठेवा

हे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जाण्यापूर्वी तीन दिवस एका कागदावर लिहा: किती वाजता काय आणि किती प्यायलात, लघवीला कधी गेलात, कधी गळाली आणि त्या वेळी काय करत होतात. जमलं तर मापाच्या भांड्यात लघवी मोजा. खोकताना, वजन उचलताना गळत असेल तर प्रश्न बहुधा आधाराचा असतो. अचानक जोराची लागते आणि दारापर्यंत पोचेपर्यंत होते, तेव्हा मूत्राशयाची घाई कारणीभूत असते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि पुष्कळांना दोन्ही एकत्र असतात. या कागदामुळे पहिल्याच भेटीत अर्धं काम होतं.

पहिली भेट

प्रश्न बरेच विचारले जातात: बाळंतपणं, ऑपरेशनं, बद्धकोष्ठता, संबंधाच्या वेळी दुखतं का. मोकळेपणाने सांगा, समोरच्या माणसासाठी हे रोजचं काम आहे. मग श्वास, पोट, कंबर बघतात. स्नायूंची ताकद नीट कळावी म्हणून हातमोजा घालून योनीतून किंवा गुदद्वारातून एका बोटाने तपासणी करतात. ती तुमच्या संमतीशिवाय होत नाही. नको म्हणता येतं, मध्येच थांबवता येतं, सोबत कुणाला बसवता येतं. बाहेरून किंवा पोटावरून सोनोग्राफीने बघण्याचाही पर्याय असतो.

नेमका स्नायू सापडवा

उताणे झोपा, गुडघे वाकवा. भर लोकांत वायू सरायला आला तर तो जसा रोखाल, तसं गुदद्वार आत आणि वर ओढा. स्त्रियांनी त्याच ओढीत योनीही वर घ्यायची. पुरुषांनी लिंग किंचित आत खेचलं जातंय आणि वृषण उचलले जाताहेत असं करून बघायचं. आरशात ती हालचाल दिसते. कुल्ले, मांड्या आणि वरचं पोट ढिलं हवं आणि श्वास चालू हवा. नुसतं तोंडी ऐकून हे अनेकांना जमत नाही, काहीजण तर वर ओढण्याऐवजी खाली कुंथतात आणि त्रास वाढवून घेतात. लघवी मध्येच थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या व्यायामाबद्दल लिहिलं, तेव्हा आवळलेला दाब मोजून दाखवणारं उपकरणही ते वापरत असत. म्हणजे बरोबर होतंय की नाही हे बघणं पहिल्यापासून या उपचाराचा भाग होतं. आज व्हिडिओंमधून फक्त "आवळा, आवळा" एवढंच उरलंय.

आवळण्याआधी एक प्रश्न

तुमचे स्नायू कमजोर आहेत की सतत ताठलेले? लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी किंवा नंतर दुखतं, पुरुषांना वृषणांच्या मागे ठणकतं, बसलं की माकडहाड दुखतं. अशा वेळी स्नायू बहुधा सुटत नसतात. आधीच आवळलेल्या मुठीने पेला उचलता येत नाही, तसंच हे. अशांनी केगल, म्हणजे हे आवळण्याचे व्यायाम, सुरू केले तर दुखणं वाढू शकतं. त्यांच्यासाठी सुरुवात श्वासाने होते: पाठीवर झोपून नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट आणि बरगड्या फुगू द्या आणि त्याबरोबर तळ खाली सैल होऊ द्या. फिजिओ हाताने दाबून ताठर गाठी मोकळ्या करतात, सोडायला शिकवतात. योनी आपोआप आवळली जाऊन संबंध अशक्य होत असतील, तर योनीत घालायच्या लहानापासून मोठ्या नळ्या (डायलेटर) वापरून हळूहळू सवय करतात.

कमजोर असतील तर

श्वास सोडताना आवळा, जमतील तितके सेकंद धरा, मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. सुरुवातीला तीन सेकंदही पुरे, हळूहळू दहापर्यंत न्या. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. त्यानंतर दहा झटपट आवळ-सोड. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. किमान तीन महिने नेमाने केल्याशिवाय जमत नाही असं ठरवू नका. अंग (गर्भाशय किंवा मूत्राशय) खाली येत असेल तर साधारण चार महिने लागतात. फार खाली आलेलं अंग व्यायामाने जागेवर जाईलच असं नाही, पण जडपणा कमी होऊ शकतो.

खोकला येतोय असं वाटताच, खोकण्याच्या क्षणभर आधी आवळायचं. एवढ्या एका सवयीने अनेकांचं गळणं कमी होतं. घाईची लघवी लागली तर धावू नका. थांबा, पाच-सहा वेळा पटकन आवळा, लाट ओसरू द्या आणि मग चालत जा. "असू दे, जाऊन येते" म्हणत उगाच जाण्याची सवय सोडा, आणि पाणी कमी करू नका. दाट लघवी मूत्राशयाला आणखी चिडवते.

शौचाला बसताना पायाखाली छोटा स्टूल घ्या, गुडघे कंबरेच्या वर येऊ द्या, पुढे झुका, तोंड उघडं ठेवून श्वास सोडा. रोज कुंथण्याने या स्नायूंचं फार नुकसान होतं.

पुरुषांसाठी दोन गोष्टी

प्रोस्टेट काढायचं ठरलं असेल तर व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्या. ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) असेपर्यंत करू नका. ती निघाल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा. सुरुवातीला गळणं साहजिक आहे, बहुतेकांचं पुढच्या काही महिन्यांत कमी होत जातं. लघवीनंतर कपड्यात थेंब पडत असतील, तर वृषणांच्या मागच्या जागी बोटांनी हलकं दाबत पुढे आणा, अडकलेली लघवी निघून जाते. ताठरता कमी असणाऱ्या काही पुरुषांनाही या व्यायामाचा फायदा होतो, मात्र आधी डॉक्टरांची तपासणी हवी, कारण मधुमेह किंवा हृदयाचा आजार मागे असू शकतो.

फिजिओकडे नाही, थेट डॉक्टरकडे

लघवीत रक्त, पाळी थांबल्यावर रक्तस्राव, लघवी अचानक तुंबणं, लघवी करताना जळजळ आणि ताप, किंवा विनाकारण वजन घटणं. पाठदुखीबरोबर मांड्यांच्या आतली आणि गुदद्वाराभोवतीची जागा बधिर झाली आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी इमर्जन्सीत जा.