जुन्या टेलिफोन वायरिंगवर इंटरनेट फोन चालवताय? या चुका टाळा

इंटरनेट फोन घेतला की त्याचा ॲडॅप्टर, म्हणजे साधा फोन इंटरनेटवर चालवणारा छोटा डबा, राउटरशेजारी बसतो आणि फोन तेवढ्या एकाच जागी चालतो. बाकीच्या खोल्यांतली सॉकेट मुकी होतात. मग लोक नवी वायर ओढायला निघतात. माझं सांगणं एवढंच, की आधी भिंतीतली जुनी वायर वापरून बघा. घरातली सगळी सॉकेट बहुधा तारांच्या एकाच जोडीवर समांतर जोडलेली असतात. ॲडॅप्टरच्या 'फोन' पोर्टातून साधी टेलिफोन वायर जवळच्या सॉकेटात लावली, की डायल टोन घरभर पोचतो.

पण त्याआधी एक काम करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

बाहेरून येणारी लाइन तशीच जोडलेली ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एक्स्चेंजकडून येणाऱ्या जोडीवर फोन खाली ठेवलेला असताना साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो, आणि घंटी वाजताना त्यावर ७५ ते ९० व्होल्ट एसी चढतो. ॲडॅप्टरही त्याच तारांवर स्वतःचा व्होल्टेज देत असतो. दोघे समोरासमोर आले की ॲडॅप्टरचा पोर्ट जळू शकतो. 'कनेक्शन तर कधीच बंद केलं' यावर विसंबू नका. बिल थांबलं तरी जोडीवर व्होल्टेज राहू शकतो.

बाहेरची केबल घरात शिरते तिथला छोटा बॉक्स शोधा. त्यात प्लग असेल तर तो काढा. नसेल तर घराकडे जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवा आणि प्रत्येक टोकाला वेगळी टेप गुंडाळा. कंपनीच्या बाजूच्या तारांना आणि वीजरोधकाला (आकाशातल्या विजेपासून लाइन वाचवणाऱ्या भागाला) हात लावू नका. बॉक्सच्या आत एक चिठ्ठी चिकटवा: 'या तारा जोडू नयेत, घरात इंटरनेट फोन आहे.' पुढे कधी लाइन दुरुस्तीला आलेला माणूस सुटलेल्या तारा दिसल्या म्हणून चांगल्या मनाने जोडून जाईल, तेव्हा ही चिठ्ठीच ॲडॅप्टर वाचवेल.

मग मल्टिमीटर घ्या. घरातले सगळे फोन काढा, मीटर डीसीवर ठेवा आणि सॉकेटातल्या लाल-हिरव्या तारांवर टोकं टेकवा. शून्य दिसलं पाहिजे. पन्नासच्या आसपास आकडा दिसला, तर लाइन अजून कुठून तरी येते आहे. ती सापडेपर्यंत ॲडॅप्टर लावायचा नाही.

इंटरनेटच त्या तांब्याच्या लाइनवरून येत असेल, तर ती सरसकट तोडून चालणार नाही. बाहेरची जोडी थेट मोडेमला द्या आणि घरातलं वायरिंग तिच्यापासून वेगळं करा. चार तारांच्या केबलमधली पिवळी-काळी जोडी मोकळी असेल, तर मोडेमपर्यंत जायला ती कामाला येते. अलार्मची यंत्रणा लाइनवर असेल तर तारा सोडवण्याआधी ती बसवणाऱ्यांना विचारा.

टेलिफोनचा बारीक प्लग राउटरच्या लॅन पोर्टात (कॉम्प्युटरची नेटवर्क केबल लावतात त्या खाचेत) सहज शिरतो. पण शिरतो म्हणून तो तिथे लावायचा नसतो. घंटीच्या व्होल्टेजने पोर्ट खराब होऊ शकतो.

सगळं जोडूनही टोन येत नसेल, तर एक फोन थेट ॲडॅप्टरला लावा. तिथे चालला तर दोष भिंतीत आहे. मी हे पाहिलं ते एका ओलसर भिंतीतल्या सॉकेटात. झाकण उघडलं, तर लाल आणि हिरव्या तारेच्या स्क्रूंमध्ये हिरवा कळंक साचून दोन्ही जवळजवळ जोडले गेले होते. अशा वेळी ॲडॅप्टरला वाटतं रिसीव्हर उचललेलाच आहे, आणि बाहेरून फोन करणाऱ्याला लाइन सतत एंगेज लागते. ते सॉकेट बदललं आणि टोन आला. उघडण्याआधी ॲडॅप्टरची वीज मात्र बंद करा. नेमकी तेव्हाच घंटी वाजली तर झटका बसतो.

टोन आहे पण घंटी मरगळलेली वाजते, असं असेल तर फोन जास्त झालेत. ॲडॅप्टर साधारण ३ ते ५ फोनांची घंटी ओढतो, आणि खऱ्या घंटीचा जुना फोन त्यात एक पूर्ण जागा खातो. तबकडीच्या फोनचं डायलिंग बऱ्याच ॲडॅप्टरना कळत नाही. बटणांच्या फोनवर पल्स-टोनचा खटका असेल तर तो टोनवर ठेवा.

शेवटी विजेचं. जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. आता ॲडॅप्टर, राउटर आणि मोडेम हे तिन्ही बॅटरीवर हवेत. एकालाच यूपीएस देऊन भागत नाही. एकदा मेन स्विच बंद करा आणि सगळ्यात लांबच्या खोलीतला रिसीव्हर उचलून टोन ऐका.