भोक वर, थेंब खाली

कन्नमवार नगरात खाडीचा वारा येतो, त्यामुळे विक्रोळीत राहणाऱ्या गाड्यांना गंज जरा लवकरच भेटतो. माझी मारुती ८००, १९९७ची, कार्ब्युरेटरवाली. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तिच्या मागच्या चाकाजवळ पेट्रोलचा वास यायला लागला. एका मेकॅनिकने खाली झोपून टाकीच्या जोडावर अंगाचा साबण घासला, वरून एम-सील थापलं आणि म्हणाला, "आता बघायला नको." साबण खोटा नाही. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही, म्हणून रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरता तोच उपयोगी. पण माझा वास तिसऱ्या दिवशी परत आला.

म्हणून पान्हा हातात घेण्याआधी गळती कुठे आहे ते नक्की करा. वास कधी येतो, हे आठवडाभर लिहून ठेवा. माझ्या वहीत स्पष्ट दिसत होतं: टाकी फुल केली की वास, अर्ध्याखाली गेली की बंद. याचा अर्थ भोक वरच्या बाजूला. पेट्रोल वरून निघून बाजूने ओघळतं आणि खालच्या जोडावर थेंब धरतं. आपण खाली बघतो आणि थेंबालाच भोक समजतो. शंका असेल तर पत्रा पुसून कोरडा करा आणि खडूची पूड भुरभुरवा. ओलीची वाट लगेच उमटते. तोंडाकडचा रबरी पाइप आणि पेट्रोलच्या काट्याच्या युनिटखालचं गॅस्केटही तपासा. कित्येकदा टाकी उतरवायची वेळच येत नाही.

माझ्यावर आली.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि उणे ४० अंशातही पेटण्याइतकी तयार होते. आमच्या कंपाउंडात छोटं देऊळ आहे, तिथे दिवा असतो. मी गाडी ढकलत मैदानाच्या टोकाला नेली. बेसमेंट किंवा बंद गॅरेजात हे काम करूच नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर टेकवा. टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत गाडी आधीच चालवलेली बरी. उरलेलं पेट्रोल ड्रेन प्लगमधून पत्र्याच्या डब्यात काढा. प्लास्टिकची बादली नको, तिच्यात स्थिर वीज साठते. तोंडाने नळी ओढणं तर नकोच. नळ्या काढण्याआधी प्रत्येकीला चिंधी बांधून मोबाइलवर फोटो घ्या; जाणारी, परतीची आणि हवेची, तिन्ही एकसारख्या दिसतात.

टाकी खाली आली आणि कारण सापडलं. आधीच्या कुठल्याशा दुरुस्तीत कुणीतरी टाकी आणि गाडीचा तळ यांच्यामध्ये फोमच्या पट्ट्या घातल्या होत्या, खडखड होऊ नये म्हणून. तो फोम चार महिने ओला राहायचा. पट्टी ओढली तर खाली पापुद्रे सुटलेला तांबूस पत्रा आणि त्यात टाचणीएवढी तीन भोकं.

आता वेल्डिंगचा मोह. रिकाम्या टाकीला ज्योत लावू नका, ती सहा महिने उघडी पडलेली असली तरी. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. मी गरम पाणी आणि कपड्यांची पावडर घालून तीनदा खळखळवली, आत मूठभर नट टाकून गंजही सोडवला, आणि टाकी कुर्ल्याच्या एका रेडिएटरवाल्याकडे नेली. (ते पेट्रोलमिश्रित पाणी गटारात ओतू नका.) त्याने तोंडाशी नाक नेलं आणि टाकी परत माझ्या हातात दिली.

"काका, अजून दोनदा धुवा."

"अरे, वास नाहीये."

"तुमच्या नाकाला सवय झालीय."

खरंच होतं. दोन दिवसांनी त्याने टाकी सरळ ठेवून भोकांच्या बोटभर खालपर्यंत पाण्याने भरली, म्हणजे आत वाफेला जागाच उरली नाही. गंज कानशीने चकचकीत होईपर्यंत घासला, फ्लक्स (कथील पत्र्याला धरावं म्हणून लावायचं रसायन) लावला, आणि लांब दुसऱ्या खोलीत तापवलेल्या जाड टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने आधी पत्र्यावर कथलाचा पातळ हात दिला. मग तिन्ही भोकं झाकेल असं एकच ठिगळ बसवलं. फ्लक्स शेवटी भरपूर पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर तोच पुढचं भोक पाडतो.

तपासणीत मी एकदा माती खाल्लेली आहे, आधीच्या गाडीच्या वेळी. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा भरली आणि 'ढब्ब' करून टाकी फुगली. ६० बाय ४० सेंटीमीटरच्या पत्र्यावर नुसत्या १ पीएसआय दाबानेही सुमारे १७० किलोचा जोर येतो. म्हणून सगळी तोंडं बुचांनी बंद करून सायकलच्या पंपाचे दोन-तीन दट्टेच द्या आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

टाकीच्या आत ओतून अस्तरासारखा थर धरणाऱ्या लाइनरच्या मी फारसा बाजूने नाही. टाकी पूर्ण कोरडी नसेल तर तो पापुद्र्याने सुटतो आणि नळीचं तोंड बुजवतो. टाकी मोठी करून घेण्याच्याही नादी लागू नका. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मी बदल केले ते दोनच. फोमऐवजी पेट्रोल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचे छोटे तुकडे, मध्ये बोटभर अंतर सोडून, म्हणजे पाणी निघून जातं आणि वारा लागतो. आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या. जुनं रबर आताच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये फुगतं आणि तडकतं.

बसवल्यावर आधी पाच लिटर भरून खाली पुठ्ठा घालून रात्र काढली, मग फुल टाकी करून दुसरी. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून दसऱ्याला गाडी धुण्याआधी ड्रेन प्लग सैल करून कपभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढतो आणि तासभर उभं ठेवतो. पहिल्या वर्षी तळाशी बोटभर गढूळ थर बसला होता. मागच्या दसऱ्याला बाटली तळापर्यंत स्वच्छ होती.